पाहुणचार आणि बंधुभाव : प्याँगयांगमधील एका परदेशी विद्यार्थिनीची साक्ष

समाजवादी देशात शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याने तोंड उघडले की त्याचे काय करायचे, हे भांडवली वृत्तपत्रांनी आणि कम्युनिस्ट चळवळीनेही बहुधा आधीच ठरवलेले असते. त्याने तक्रार केली तर भांडवली वृत्तपत्रे त्याला डोक्यावर घेतात आणि चळवळीतले लोक फितूर ठरवतात. त्याने कौतुक केले की नेमके उलट घडते. तो प्रत्यक्षात काय सांगतो आहे, हे ऐकायला सहसा कोणी थांबत नाही. मोनिका मासियास यांचे आत्मकथन 2013 मध्ये कोरियन भाषेत आणि 2023 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले, तेव्हा याचाच प्रत्यय आला. एका हुकूमशहाची मुलगी दुसऱ्याच्या आश्रयाला वाढली, एवढ्या नवलावरच बहुतेक पाश्चात्त्य पत्रांचे समाधान झाले.

हकीकत थोडक्यात अशी. विषुववृत्तीय गिनी हा आफ्रिकेतील लहानसा देश 12 ऑक्टोबर 1968 रोजी स्पेनच्या जोखडातून मुक्त झाला आणि फ्रान्सिस्को मासियास एन्गेमा त्याचा पहिला अध्यक्ष झाला. त्याने 1979 मध्ये आपली मुले शिक्षणासाठी उत्तर कोरियाला पाठवली. त्याच वर्षी 3 ऑगस्टला त्याचा पुतण्या तेओदोरो ओबियांग याने लष्करी उठाव करून सत्ता बळकावली आणि 29 सप्टेंबरला मासियासला गोळ्या घालण्यात आल्या. मोनिका तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. मुलांचा सांभाळ किम इल सुंग यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवला.

ज्या शाळेत ही मुले दाखल झाली ती मांग्योंगदे क्रांतिकारी शाळा 1947 साली, जपानी साम्राज्यवादाशी लढताना धारातीर्थी पडलेल्यांच्या अनाथ मुलांसाठी स्थापन झालेली. ती मुलग्यांची निवासी शाळा होती. या पाहुण्या मुलींसाठी तिथे वेगळा वर्ग उघडावा लागला. गणवेश, कवायत, बंदुकीचा सराव, शिस्त, सारे इतरांसारखेच. पुढे मोनिका यांनी प्याँगयांगच्या हलक्या उद्योगांच्या विद्यापीठात वस्त्रनिर्मितीचे शिक्षण घेतले आणि 1994 मध्ये तो देश सोडला. पंधरा वर्षांच्या या पालनपोषणाबद्दल त्यांनी कधीही कृतघ्नतेचा शब्द उच्चारलेला नाही. ज्याच्याकडून आता कोणताही राजकीय लाभ होण्याची शक्यता उरलेली नव्हती, अशा माणसाच्या मुलांना त्या राज्याने वाऱ्यावर सोडले नाही. ही गोष्ट लहान नाही, आणि ती नाकारणारे टीकाकार प्रामाणिक नाहीत.

परंतु याच साक्षीत दुसरीही एक बाब आहे, आणि तिच्यावरून डोळे फिरवणे चळवळीला शोभणारे नाही. या मुलीची भाषा गेली. स्पॅनिश ती पार विसरली. कोरियन हीच तिची भाषा झाली आणि पुढे स्वतःच्या आईशी बोलणेही अशक्य होऊन बसले. प्याँगयांगमध्ये क्यूबाचा दूतावास होता; स्पॅनिश जाणणारी माणसे त्या शहरात सापडलीच नसती असे नव्हे. शाळा, अन्न, कपडे, आरोग्य यांची चोख व्यवस्था करणाऱ्या कुणालाही मुलाला आईची भाषा लागते हे सुचले नाही. पाहुण्याला सर्व काही द्यायचे, पण त्याच्याजवळ आधीपासून काय आहे हे विचारायचे नाही, अशा औदार्याला पाहुणचार म्हणता येईल. बंधुभाव त्याहून निराळा असतो.

शिक्षणातील दुसरी उणीव त्यांच्या प्रवासांतून उघड झाली. तरुण वयात बीजिंगला गेल्या असता समोर अमेरिकन माणूस दिसताच त्या घाबरून पळाल्या. अमेरिकी साम्राज्यवादाने 1950 ते 1953 या काळात कोरियाची राखरांगोळी केली, हे शाळेने शिकवले ते सत्यच होते. पण साम्राज्यवाद आणि अमेरिकेतला सामान्य कष्टकरी यांत फरक करायला शिकवले नसेल, तर ते शिक्षण मार्क्सवादी कसे म्हणायचे? पुढे माद्रिद, न्यूयॉर्क, सोल अशा शहरांत राहून, काम करून हा फरक त्यांना स्वतःच शोधावा लागला.

ही साक्ष एकटी नाही. घानाचा इमॅन्युएल हेवी 1960 च्या सुमारास चीनमध्ये शिकायला गेला आणि 1963 मध्ये त्याचे कडवट पुस्तक निघाले. राजकीय पाठांचा भडिमार, सामाजिक बहिष्कृतपणा, वर्णद्वेष, अशा त्याच्या तक्रारी होत्या. 118 आफ्रिकी विद्यार्थ्यांपैकी 96 जण देश सोडून गेले, असे त्याने लिहिले. 1962 मध्ये बीजिंगच्या पीस हॉटेलात झांजिबारच्या एका विद्यार्थ्याला मारहाण झाली, तेव्हा आफ्रिकी विद्यार्थ्यांनी निषेध केला होता. पाश्चात्त्य प्रचारयंत्रणेने हे पुस्तक हातोहात उचलले यात आश्चर्य ते कसले! त्या वर्षांत चीनमध्ये भीषण अन्नटंचाई होती आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिकांपेक्षा अधिक भत्ता मिळे, ही पार्श्वभूमीही विसरता कामा नये. तरीही शत्रूने वापरले म्हणून एखादे विधान खोटे ठरत नाही. 1988 च्या डिसेंबरात नानजिंगमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांविरुद्ध जमाव रस्त्यावर उतरला, तेव्हा हेवीच्या तक्रारींकडे पाव शतक दुर्लक्ष झाल्याचेच दिसून आले.

मोनिका मासियास यांचे सारेच म्हणणे अर्थात मान्य करता येणार नाही. आपल्या पित्याची प्रतिमा उजळण्याचा त्यांचा प्रयत्न मुलीच्या मायेपोटी समजण्यासारखा असला, तरी इतिहासाला धरून नाही. मासियासच्या राजवटीत तुरुंग भरले, शिक्षित माणसे वेचून मारली गेली, लोकसंख्येचा फार मोठा भाग देशाबाहेर पळाला. वसाहतवादाला तो शिव्या देत होता, एवढ्या भांडवलावर त्याला सोव्हिएत संघ, क्यूबा आणि उत्तर कोरिया यांचे सल्लागार व मदत मिळत राहिली. कॅमेरून, गॅबन आणि स्पेन येथे निर्वासित म्हणून जगणाऱ्या त्याच देशाच्या माणसांनाही मुले होती. त्यांच्यासाठी मांग्योंगदेमध्ये वेगळा वर्ग उघडला गेला नव्हता.