नळींतून चढणारा पाषाण

आमच्या घरासमोरचा जुना वाडा दोन वर्षांपूर्वीं पाडण्यांत आला, आणि त्या जागीं आतां अकरा मजल्यांची इमारत उठत आहे. त्या वाड्यांत आमच्या धाकट्या बंधूंचें बिऱ्हाड चाळीस वर्षें नांदलें, व नव्या इमारतींत त्यांस चौथ्या मजल्यावर जागा मिळावयाची आहे. त्यामुळें सज्जांत बसून समोरचें बांधकाम पाहणें हा आमचा नुसता विरंगुळा उरलेला नाहीं. ज्या दिवशीं त्या चौथ्या मजल्याचा तळ, म्हणजे लोक ज्यास स्लॅब म्हणतात तो, ओतावयाचा होता, त्या दिवशीं आमची दहा वर्षांची नात शेजारीं उभी होती. गल्लींत पंप धडधडत होता, त्यापासून निघालेली लोखंडी नळी भिंतीच्या कडेनें वर गेली होती, आणि वर तिच्या तोंडांतून करडें काँक्रीट बदाबद पडत होतें. “आजोबा, नळांतून पाणी चढतं ते मला ठाऊक आहे, पण दगड कसे हो चढतात?” असें तिनें विचारिलें.

प्रश्न पोरीचा असला तरी पोरकट नव्हता. आमच्या पिढीनें स्लॅब पडतांना पाहिले ते निराळ्या तऱ्हेचे. उजाडतांच बिगारी स्त्रीपुरुषांची रांग लागे. खालीं मिक्सर फिरे, आणि भरलेलीं घमेलीं हातोहात, डोक्यावरून डोक्यावर, फळ्यांच्या चढणीवरून वर जात. शेवटचें घमेलें रिकामें झालें म्हणजे घरमालक सर्वांस गोड खावयास देई. त्या रांगेंत आम्हांस त्या वेळीं मोठी लय भासत असे. परंतु लय भासते ती पाहणारास. दिवसभर घमेलीं वाहणाऱ्या बाईची मान रात्रीं काय म्हणते, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. आतां साधा पंपही तासाला तीस-चाळीस घनमीटर माल वर लोटतो, आणि शहरांतून ती रांग बहुतेक नाहींशी झाली आहे. तिच्यांतील बायांस पुढें काम कोठें मिळालें, हा प्रश्न मात्र पंप करणाऱ्यांनीं सोडविलेला नाहीं. असो.

यंत्राची रचना समजावयास कठीण नाहीं. काँक्रीटची गाडी पंपाच्या मागच्या हौद्यांत माल ओतते. हौद्याच्या तळाशीं दोन आडवीं नळकांडीं असतात व प्रत्येकांत एक दट्ट्या असतो. एक दट्ट्या मागें सरला कीं हौद्यांतील माल त्याच्या नळकांड्यांत ओढला जातो. त्याच वेळीं दुसरा दट्ट्या पुढें सरून आपला माल नळींत ढकलतो. मग मधली एक वळणदार नळी झटक्यानें या नळकांड्याच्या तोंडावरून त्याच्या तोंडावर सरकते, आणि दोघे आपापलीं कामें बदलून घेतात. वर माल धक्क्याधक्क्यानें पडतो त्याचें कारण हेंच. दट्ट्यांस बळ मिळतें तें तेलाच्या दाबाचें. १९२७ सालीं जर्मनींत माक्स गीझे व फ्रिट्झ हेल यांनीं काँक्रीटचा उपयोगी पडेल असा पंप तयार केला, तेव्हां ही तेलाची योजना नव्हती. ती प्रचारांत आली १९५० नंतरच्या दशकांत, आणि खरी भरारी तेथून पुढची.

परंतु “बळ आहे म्हणून दगड चढतात,” एवढेंच आम्हीं नातीस सांगितलें असतें तर तें अर्धेंच उत्तर झालें असतें. नुसती ओली खडी नळींत घालून कितीही बळानें लोटली तरी ती पुढें जाणार नाहीं. दगडास दगड अडेल, दोहों अंगांस नळीचा आधार घेऊन त्यांची कमान बनेल, आणि जितका दाब अधिक तितकी ती कमान घट्ट होईल. काँक्रीट सरकतें तें निराळ्या युक्तीनें. सिमेंट, पाणी व बारीक वाळू यांचा एक निसरडा लेप नळीच्या आंतल्या अंगास बसतो. हा थर फार तर कांहीं मिलिमीटर जाड असेल. पण सारा प्रवास त्याच्यावर होतो. मधला दगडांचा गाभा, पालखींत बसल्याप्रमाणें, फारशी हालचाल न करितां पुढें जातो. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वीं नळींतून प्रथम सिमेंटचें पातळ कालवण सोडतात. एरव्हीं कोरडी नळी पहिल्याच मालाचा लेप खाऊन टाकील.

आम्हीं तिला सोऱ्याचें उदाहरण दिलें. भाजणी नीट भिजली व मोहन बेतानें पडलें म्हणजे चकली अखंड उतरते. पीठ घट्ट झालें कीं सोऱ्या अडतो, आणि मग हात दुखूं लागलेली सून पिठास पाण्याचा हात लावते. चकली लागलीच सुरेख पडूं लागते. पण तळल्यावर ती मऊ होते, हें घरांतील थोरल्या बायकांस ठाऊक असतें. नातीनें आंत जाऊन आजीस विचारून याची खात्री करून घेतली. आमच्या पाकशास्त्रावर तिचा विश्वास नाहीं.

पीठ फार सैल झालें तरीही चालत नाहीं. दही फडक्यांत बांधून टांगलें कीं पाणी गळून चक्का मागें राहतो. तसेंच दाबाखालीं पातळ मालांतील पाणी व सिमेंट पुढें निसटतें, खडी मागें राहते, आणि नळी तुंबते. नळ्यांच्या सांध्यांतून लेप गळला तरी परिणाम तोच. यासाठीं या मालाचें माप बांधून घ्यावें लागतें. नळीचा आंतला व्यास सामान्यतः १२५ मिलिमीटर असतो. टोंकदार खडीचा मोठ्यांतला मोठा दगड त्याच्या एकतृतीयांशाहून मोठा नसावा, आणि वाळूचे शेंकडा १५ ते ३० कण ०.३ मिलिमीटरच्या चाळणींतून पडतील इतके बारीक असावे, असा अमेरिकेंतील काँक्रीट-संस्थेचा दंडक आहे. आपल्याकडे घरांच्या कामांत बहुधा वीस मिलिमीटरची खडी घालतात, म्हणून पहिली अट सहज पाळली जाते. दुसरीकडे लक्ष द्यावें लागतें. तुंबलेल्या नळींतील दाब न सोडतां सांधा उघडला, किंवा नळींत हवा कोंडली असतां पंप चालविला, तर टोंकाची जड रबरी नळी पिसाळलेल्या सर्पासारखी फटकारते, आणि ती धरणारा मनुष्य जायबंदी होतो. तो बहुधा रोजंदारीवरचा, सर्वांत कमी शिकविलेला असतो, ही गोष्ट आम्हांस सलते.

हा सोऱ्या किती मोठा होऊं शकतो याचीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. दुबईची बुर्ज खलिफा ही ८२८ मीटर उंचीची इमारत २०१० सालीं खुली झाली. तिच्या बांधकामांत २००८ सालीं काँक्रीट मध्यें टप्पा न घेतां ६०६ मीटर उंच चढविण्यांत आलें. शाळेंतलें गणित आम्हांस अद्याप सोडवत नाहीं, म्हणून आम्हीं हिशेब करून पाहिला. दीडशें मिलिमीटर व्यासाच्या नळींत तेवढ्या उंचीपर्यंत सुमारें पावणेअकरा घनमीटर, म्हणजे पंचवीस टनांवर माल उभा राहतो. आणि नुसत्या त्याच्या वजनाचा तळाशीं दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १४५ किलो पडतो. घर्षणाचा भार निराळाच. तेथील शहाणपणाची गोष्ट अशी कीं, त्यांनीं प्रथम जमिनीवरच लांबच लांब नळी वळणें देऊन आडवी घातली, तींतून काँक्रीट लोटून दाब किती खर्च होतो हें मोजलें, व मगच उंचीस हात घातला. उन्हाळ्यांत माल रात्रीं ओतीत व मिश्रणांत बर्फ घालीत. जसजशी उंची वाढली तसतशी खडी बारीक केली.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें असून फारच थोड्यांस ठाऊक आहे. हिमाचल प्रदेशांत कुलू जिल्ह्यांत, सैंजच्या खोऱ्यांत, पार्वती जलविद्युत् योजनेच्या कामावर २००९ सालीं काँक्रीट ७१५ मीटर उभ्या उंचीपर्यंत चढविलें गेलें. म्हणजे बुर्ज खलिफाहून शंभर मीटरांवर अधिक. पण तें डोंगराच्या पोटांतील तिरप्या विवरांत, जेथें पुढें फक्त पाणी जावयाचें. मनोऱ्याचें छायाचित्र निघतें, विवराचें निघत नाहीं, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल कीं आपल्या पूर्वजांस हें सर्व अवगत होतें. आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें आहे, म्हणून हें सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत फळें, साली व डिंक कढवून लेप करण्याची कृति दिली आहे. ती उत्तम असेल. पण तें सिमेंट नव्हे. तीमधून आम्हांस एकच गोष्ट उचलावीशी वाटते: द्रव्य किती आटवावें याविषयीं आचार्य फार काटेकोर आहेत.

तोच काटेकोरपणा काँक्रीटमधील पाण्याविषयीं हवा. शिकागो येथें डफ् एब्राम्स यांनीं १९१८ सालीं प्रयोगान्तीं दाखवून दिलें कीं, काँक्रीटचें बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरतें; पाणी वाढलें कीं बळ घटतें. सिमेंटास रासायनिक संयोगासाठीं त्याच्या वजनाच्या सुमारें पावपट पाणी पुरतें. बाकीचें कालवण्याच्या सोयीसाठीं. तें पुढें सुकून जातें व मागें सूक्ष्म छिद्रें ठेवितें. त्या वाटेनें दमट हवा सळईपर्यंत पोहोंचते, सळई गंजून फुगते, आणि वीस वर्षांनीं छताचे पोपडे पडतात. एका गाडींत सहा घनमीटर माल, व दर घनमीटरास ४०० किलो सिमेंट आणि १८० लिटर पाणी धरा, प्रमाण ०.४५ झालें. तींत कोणी शंभर लिटर, म्हणजे सहा-सात बादल्या ओतल्या कीं तेंच ०.४९ होतें. पाहणारास कांहींच कळत नाहीं. उलट माल छान वाहूं लागतो. वस्तुतः याची गरज उरलेली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत जपान व जर्मनी येथें अशीं रसायनें निघालीं कीं, तीं थोडीं घातल्यानें पाणी न वाढवितां काँक्रीट वाहतें होतें. पण रसायनास पैसे पडतात, आणि पाणी नळास असतें.

आतां त्या दिवसाकडे वळूं. अकराच्या सुमारास दुसरी गाडी रहदारींत अडकली. पाऊण तास नळींतील माल तसाच उभा राहिला. गाडी आली तेव्हां पंप कण्हूं लागला, नळी हालेना. तेव्हां मुकादमानें एका पोराच्या हातीं पाण्याची रबरी नळी देऊन ती हौद्यांत सोडविली. आमचे बंधू सकाळपासून खालीं पायरीवर छत्री घेऊन बसले होते. ते उठून म्हणाले, “अहो, पाणी कशाला घालतां?” मुकादम नम्रपणें म्हणाला, “काका, थोडं पाणी घातल्याबिगर सरकायचं नाही. सगळीकडं असंच करतात.” आणि माल खरोखरच सरकला.

एवढ्यांत कामावरील इंजिनियर, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, वरून धांवत आली. तिनें पाणी बंद करविलें, पंप थांबविला व एक पत्र्याचा शंकु मागविला. हा शंकु ३० सेंटिमीटर उंच असतो. त्यांत माल भरून शंकु उचलावयाचा व ढीग किती खचला तें मोजावयाचें. ढीग जवळजवळ भुईस मिळाला. तिनें हौदा रिकामा करविला व गाडी उरल्या मालासकट परत पाठविली. गाडीवाल्यानें वाद घातला, ठेकेदाराचा फोन आला, वीस मिनिटें आवाज चढलेले होते. ती मुलगी हालली नाहीं. मग पंप उलट-सुलट चालवून नळी मोकळी केली, आणि पुढच्या गाडींत रसायन मापानें घातलें.

परंतु तोंवर सुमारें एक घनमीटर पातळ माल वर गेला होता. तें ती बंधूंस आपण होऊन सांगावयास आली. “काका, तेवढा माल पडला आहे, ते मी लपवणार नाही. तो भाग मी नकाशावर खुणेनं दाखवला आहे,” असें म्हणून तिनें कागद दाखविला. तो ईशान्येचा कोपरा होता. तेथें आमच्या भावजयीनें देवघर योजिलें आहे.

गाडी परत लावण्यापूर्वीं तिनें त्याच मालाचे दीडशें मिलिमीटरचे सहा ठोकळे भरून ठेविले होते. सातव्या दिवशीं त्यांतील तीन यंत्राखालीं फोडले; आंकडा अपेक्षेहून किंचित् उणा आला. उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशीं फोडावयाचे, आणि तेही उणे भरले तर त्या कोपऱ्यांतून गाभा कापून काढून तपासावयाचा, असें ठरलें आहे. तोंपर्यंत ते तीन ठोकळे आवारांतील टाकींत पाण्याखालीं आहेत. अजून अकरा दिवस आहेत. बंधू रोज संध्याकाळीं जाऊन टाकी भरलेली आहे कीं नाहीं, तें पाहून येतात.