मुलगी घरात आहे, पण वर्गात आहे!

मैत्रिणींनो, मार्च २०२० मध्ये करोनामुळे कॉलेजं बंद झाली आणि फळा, प्रयोगशाळा, प्राध्यापक सगळं वीतभर मोबाइलात येऊन बसलं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या मुलामुलींनीही गणित, रसायन, भौतिकशास्त्र असंच गिरवलं. साथ ओसरली, वर्ग भरू लागले, पण पडद्यावरचं शिक्षण काही गेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' वरून करण्याची मुभा विद्यापीठांना देता येते. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे, बरं का!

मी स्वतः बी. ए. झालेली, कलनशास्त्राच्या वाटेला कधी गेले नाही. म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकबाईंना आणि आळीतल्या बी. एस्सी.च्या दोघीतिघींना विचारलं.

बाई म्हणाल्या, "गणित शिकवताना मी फळ्याकडे कमी आणि मुलांच्या चेहऱ्याकडे जास्त बघते. कपाळाला आठी पडली की पायरी पुन्हा सांगायची. पडद्यावर सगळ्यांचे कॅमेरे बंद. आठी दिसणार कशी?" आणि रसायनाचं काय? ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना शेवटच्या थेंबाला फिका गुलाबी रंग येऊन टिकतो, तो क्षण डोळ्याला आणि हाताला कळावा लागतो. आपल्याला हे सांगायला नको. एकतारी पाक दूरदर्शनवर शंभरदा बघितला, तरी बोटाला तार लागल्याशिवाय जमतो का?

मुलींचं म्हणणं मात्र निराळं. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी इथे प्रश्न लिहून विचारते. न समजलेली सिद्धता थांबवून, मागे नेऊन चारदा ऐकता येते. एकीने तर सांगितलं, "काकू, अभ्यास अवघड नव्हता, घर अवघड होतं." तास चालू असताना कुकरची शिटी, पाहुण्यांचा चहा, नळाला पाणी आलं म्हणून हाक. भावाचा तास असला की सगळे हळू बोलायचे, हिचा असला की "घरातच आहेस ना, जरा पोळ्या लाटून घे!"

हे ऐकून मी गप्पच झाले. शिकवणाऱ्यांच्या अडचणी विद्यापीठ बघेल. ही अडचण दूर करणं तुमच्या-माझ्या हातात आहे. म्हणून थोड्या सूचना:

१. तासाची वेळ भिंतीवर लिहून लावा. त्या वेळेत तिला हाक नाही.

२. व्याख्यान नुसतं बघू देऊ नका. वही-पेन हवंच. उदाहरण थांबवून आधी स्वतः सोडवायचं, मग उत्तर बघायचं.

३. इंटरनेट महाग पडत असेल तर 'स्वयम् प्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या डिशवरून मोफत दिसतात. 'स्वयम्' चा अभ्यासक्रमही मोफत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क असतं. विषयाचे गुण धरले जातील का, हे कॉलेजात आधी विचारा.

४. प्रयोगाच्या दिवशी तिला कॉलेजात पाठवाच. 'व्हर्च्युअल लॅब' वर प्रयोगाची तयारी छान होते, हाताची सवय तिथे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पण गुरुजी वर्गात होतेच! यंत्र हे शिक्षकाच्या जोडीला, जागेवर नव्हे.

आणि एक. मुलीला कॉलेज नुसतं गणितासाठी लागत नाही. बसने जाणं, मैत्रिणींशी वाद घालणं, प्रयोगशाळेत चूक करून पुन्हा करणं, हेही शिक्षणच. "सगळं मोबाइलवर मिळतं, मग जायचं कशाला?" असं घरात कोणी म्हणालं, तर त्याला उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. बघा, पटतंय का!