हिस्टरी जपा, मित्रांनो!

हिस्टरी म्हटलं की शाळेतल्या सनावळ्या आठवतात आणि लगेच जांभई येते. पण लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर आपण जी जी कमांड टाईप करतो, तिचीही एक हिस्टरी असते. बॅश हा शेल ती एका लपलेल्या फाईलमध्ये मुकाट्याने लिहून ठेवतो. अडचण एवढीच की ही वही फार छोटी आहे. सेटिंग बदललं नाही तर बॅश शेवटच्या फक्त ५०० ओळी ठेवतो, उबुंटूत २०००. शिवाय फाईलमधली नोंद होते टर्मिनल बंद करताना. मध्येच लॅबची लाईट गेली, की त्या बैठकीतलं सगळं गुल!

"मग काय बिघडलं? कोड तर गिटवर आहे ना!" असं कोणीही म्हणेल. मान्य. पण काय बनवलं ते गिटवर राहतं, ते कसं चालवलं ते बऱ्याचदा राहत नाही. कुठली लायब्ररी टाकली, कोणता ऑप्शन दिल्यावर प्रोग्राम एकदाचा चालला, हे हिस्टरीतच सापडतं. फायनल इयरची मंडळी रिपोर्टला झकास बाइंडिंग करून निघून जातात आणि ज्युनियर्स त्याच एररवर पुन्हा डोकं फोडत बसतात.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट बदलताना लॉगबुक असतं ते उगाच नाही. पेशवाईतले कारकूनही रोजकीर्द लिहायचे, पत्रं जपून ठेवायचे. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. लिहिणाऱ्यांना हे थोडंच माहीत होतं? कुठली नोंद उद्या कामाला येईल ते आज कळत नाही, म्हणून सगळीच ठेवायची.

आणि हे आपोआप व्हायला हवं, कारण सबमिशनच्या आठवड्यात बॅकअप कोण घेतो? बॅशआरसी फाईलमध्ये मर्यादा वाढवा. हिस्टअपेंड चालू करा, म्हणजे एक टर्मिनल दुसऱ्याची नोंद पुसणार नाही. प्रॉम्प्ट कमांडमध्ये 'हिस्टरी -ए' घाला, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर लगेच नोंद होईल. हिस्टटाईमफॉरमॅट दिलं की वेळही कळेल. मग रोज रात्री तारखेच्या नावाने एक कॉपी दुसऱ्या मशीनवर टाकायचं काम क्रॉनकडे सोपवा. झालं!

एक पथ्य मात्र पाळा. कमांडमध्ये पासवर्ड लिहिलात तर तोही जपला जाईल! हिस्टकंट्रोलमध्ये इग्नोरस्पेस ठेवा, म्हणजे आधी स्पेस देऊन लिहिलेली कमांड नोंदलीच जाणार नाही.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. ही वही ज्याची त्याची आहे, तिची हजेरी करू नका. पण प्रोजेक्ट जमा करताना, त्यातलं खासगी काढून, उरलेली हिस्टरी रिपोर्टला जोडायला लावा. पुढच्या बॅचला सोनेरी अक्षरांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.