बहुरूपी स्फटिक आणि औषधाची किंमत

दारोदार फिरणारा बहुरूपी आज पोलीस होऊन येतो, उद्या वैद्य होऊन येतो. सोंग पालटले तरी आतला माणूस तोच, हे पाहणाऱ्यांना ठाऊक असते. रसायनशास्त्रातही असे बहुरूपी आहेत. पदार्थ एकच, रेणूही तेच. परंतु ते एकमेकांशेजारी वेगळ्या रीतीने रचले गेले की स्फटिक निराळा होतो. त्याचा वितळणबिंदू बदलतो, विद्राव्यता बदलते. या बहुरूपतेचा संबंध केवळ प्रयोगशाळेशी असता, तर ती या पानावर येण्याचे कारण नव्हते.

रूप पालटण्यास किती क्षुल्लक कारण पुरते, हे केंब्रिज विद्यापीठातील जेरेमी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. ज्यांच्या रेणूंत दोन बेंझीन वलये गंधकाच्या दोन अणूंच्या पुलाने सांधलेली असतात, अशी दोन ॲरोमॅटिक डायसल्फाइडे त्यांनी पोलादी गोळ्यांच्या चक्कीत किंचित अल्कधर्मी द्रव्यासह दळली. पूल तुटले, जोडीदार बदलून पुन्हा जुळले आणि नवे संयुग तयार झाले. कोरडे दळले तर त्याचे एक रूप मिळे. द्रावकाचे थोडे थेंब टाकून दळले तर दुसरे. दळणातील कण इतके सूक्ष्म होतात की कोणते रूप टिकावे, हे ठरविण्यात त्यांच्या पृष्ठभागालाही मत असते.

चक्कीतला हा खेळ औषधाच्या कारखान्यात घडला तर काय होते, याचा अनुभव १९९८ साली आला. एड्सवरील रिटोनाविर हे औषध १९९६ पासून बाजारात होते. अकस्मात त्याच्या कॅप्सूल नीट विरघळेनाशा झाल्या. कधी न दिसलेले, कमी विद्राव्य असे दुसरे रूप अवतरले होते. ॲबट कंपनीला कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, आणि नवी कॅप्सूल येईपर्यंत रुग्णांना बेचव द्रवरूप औषधावर दिवस काढावे लागले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. रूप महत्त्वाचे असेल, तर प्रत्येक नव्या रूपाला पेटंट का नसावे? आपल्या पेटंट कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ३(ड) मध्ये याचे उत्तर दिले गेले: ज्ञात पदार्थाचे नवे रूप, त्याची गुणकारकता वाढत नसेल तर, नवा शोध मानू नये. ‘बहुरूपे’ असा स्पष्ट उल्लेखही त्यात आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने हक्क सांगितला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने तो फेटाळला. औषधाची गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. स्फटिक अधिक टिकाऊ वा हाताळण्यास सोयीचा असणे पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ. त्या काळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय पर्यायांचा ८ ते १० हजार रुपये होता. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरी या दोन आकड्यांमध्ये आयुष्याचे अंतर असते.

यावर आक्षेप असा की, रिटोनाविरने रूपाचे महत्त्व सिद्ध केले असताना कायदा त्याकडे डोळेझाक कशी करतो? आक्षेप वजनदार आहे. परंतु कायदा डोळेझाक करीत नाही, तो पुरावा मागतो. नव्या रूपाने रुग्णाचे अधिक कल्याण होत असेल तर कंपनीने ते दाखवावे, हक्क मिळवावा. पुरावा नसता हक्क दिला, तर एकाच औषधाची मुदत रूप बदलून पुनःपुन्हा वाढविता येईल.

मात्र कायदा चांगला असून भागत नाही. दावा तपासणाऱ्याला स्फटिक ओळखता आला पाहिजे. ‘एक पदार्थ, एक वितळणबिंदू’ एवढेच पाठ करून परीक्षा देणारा विद्यार्थी उद्या पेटंट कार्यालयात बसला, तर तो कोणत्या बळावर कंपनीच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारणार? महाविद्यालयांतील रसायनाच्या तासाला बहुरूपतेचा एखादा प्रयोग तरी प्रत्यक्ष व्हावा. गंधकाची दोन रूपे तर साध्या परीक्षानळीतही दाखविता येतात.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. औषधाच्या बाबतीत गुणाचेही सोंग चालू नये, एवढीच या कायद्याची मागणी आहे. आणि ती सोडून देण्याचे कोणतेही कारण दिसत नाही.