बॉयलर रोज विझवू नका

मंडळी, या शनिवारी जरा तांत्रिक बडबड. चालवून घ्या.

आपल्या जमातीत सकाळी काम सुरू करणं म्हणजे काय, तर टर्मिनल उघडा, प्रोजेक्टच्या फोल्डरात जा, सर्व्हर चालू करा, एडिटर उघडा आणि मग कालच्या सात-आठ फाईली एकेक करून शोधा. पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांचं मला काही वाटत नाही हो. काल डोक्यात असलेला धागा या शोधाशोधीत तुटतो, त्याचं वाटतं.

आणि हे सगळं करायला एडिटर स्वतःच तयार असतो! विममध्ये ‘एमकेसेशन’ ही कमांड उघड्या फाईली, खिडक्यांची मांडणी, कर्सरची जागा, सगळं एका फाईलीत लिहून ठेवते. बरेच जण ही कमांड विम बंद होताना चालेल अशी लावतात. मी अकलूजमध्ये डेस्कटॉपवर काम करतो, माझा याला विरोध आहे. वीज गेली की विम बंद ‘होत’ नाही, एकदम मरतो. ती कमांड चालतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक वेळी फाईल सेव्ह करतानाच सेशन लिहा. सेव्ह न केलेला मजकूर मात्र सेशनमध्ये नसतो, तो स्वॅप फाईलमधून काढावा लागतो.

इमॅक्सवाले एक पाऊल पुढे. लॉगिन होताच इमॅक्स डीमन म्हणून चालू राहतो, खिडकी हवी तेव्हा क्षणात उघडते. अकलूजकराला हे समजावून सांगावं लागत नाही. साखर कारखान्यात हंगामाआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पुढे उसाच्या दर गाडीला कोणी नव्याने बॉयलर पेटवत बसत नाही.

पण आपोआप म्हणजे काहीही नव्हे. व्हीएस कोडमध्ये फोल्डर उघडताच टास्क चालू करता येतो. आपल्या प्रोजेक्टला झकास. पण कुठून तरी उतरवलेल्या फोल्डरातही असा टास्क असू शकतो, आणि तो दुसऱ्याने लिहिलेला असतो. म्हणूनच तर 2021 मध्ये ‘वर्कस्पेस ट्रस्ट’ आलं. ‘लेखकावर विश्वास आहे का?’ या प्रश्नाला डोळे मिटून ‘हो’ म्हणू नका.

थोडक्यात, मांडामांड यंत्राकडे द्या. कोणावर विश्वास ठेवायचा आणि आज आधी काय हातात घ्यायचं, हे मात्र आपणच ठरवायचं.