मांजर हाकलू नका, माणसाळवा



जिल्ह्याच्या बैठकीसाठी छापलेल्या पत्रात कापसाचा भाव सोडून मांजरावर लेख, हे पाहून काही जण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषयही घरात आलेल्या मालाचा आहे. आणि यात पहिली चूक माझीच आहे, ती आधी सांगतो.

कृषी पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. खामगाव तालुक्यातल्या एका गावात उंदीर निर्मूलनाचे काम माझ्याकडे आले. मी पुस्तकातले सगळे बरोबर केले. दोन दिवस साधे आमिष, मग झिंक फॉस्फाईडचे दोन टक्क्यांचे आमिष, घरोघर वाटप, वर भाषण. दोन रात्रींत उंदीर मेले. लोक खूश, मी खूश. चौथ्या दिवशी एका म्हातारीने मला रस्त्यात अडवले. तिच्या कोठ्यातली मांजरी मेली होती. आमिष खाल्ले की विष पोटात असलेला उंदीर खाल्ला, कोण सांगणार! मागे कडब्याच्या गंजीत तिची चार पिल्ले ओरडत होती. म्हातारी म्हणाली, "साहेब, उंदीर मेले ते मेले, पन माही मांजर गेली. आता पुढच्या सालाले उंदीर आले तं धराले तुमी येसान का?"

मी काहीतरी उत्तर दिले. आता आठवतही नाही, इतके ते पोकळ होते. पिल्ले जगली नाहीत. पुढच्या हंगामात उंदीर आले आणि मी त्या गावात नव्हतो.

मला चार वर्षांत उंदरांच्या जाती शिकवल्या, विषाच्या मात्रा शिकवल्या. पण गावात मांजरे किती, ती कुठे व्यातात, त्यांना कोण खायला घालते, हा प्रश्न मी एकाही घरी विचारला नाही.

आता हिशेब करू. घरातला काळा उंदीर दीडशे ग्रॅम वजनाचा धरा. तो दिवसाला वजनाच्या साधारण दहावा हिस्सा खातो, म्हणजे पंधरा ग्रॅम. तुमच्या घरात आणि कोठ्यात मिळून फक्त वीस उंदीर धरा. दिवसाला तीनशे ग्रॅम. वर्षाला एकशे नऊ किलो. क्विंटलाच्या वर ज्वारी गेली. लेंड्या, मूत आणि केस पडून जी खराब झाली, ती वेगळी. पोती कुरतडली, तीही वेगळी. आणि सीतादही झाल्यावर घरात येणारा कापूस? भाव मिळेपर्यंत तो खोलीत पडून राहतो आणि उंदीर त्याच्यातच घर करतो. बाजारात क्विंटलमागे दोन किलो कट्टी कापली तर आपण भांडतो. घरातली ही कट्टी मात्र मुकाट्याने सोसतो.

या मालाची राखण करायला जी आपण होऊन येते, तिला आपण काय देतो? दगड. दूध प्यायली म्हणून दगड, आडवी गेली म्हणून दगड. पिल्ले झाली की पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडतो. मांजर मारले तर काशीला जावे लागते अशी भीती आहे, म्हणून हाताने मारत नाही इतकेच.

मांजराला माणसाने पकडून पाळले नाही. धान्याच्या साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेले मांजर सापडले. २००४ साली ते शोधकांनी जगासमोर मांडले. त्या बेटावर मांजर मुळात नव्हते. कोणीतरी होडीतून नेले होते. म्हणजे शेतकऱ्याची आणि मांजराची सोयरीक निदान इतकी जुनी आहे. आपल्या कोठ्यातले भेदरलेले मांजर हे त्याच सोयऱ्याचे लेकरू आहे. ते रानटी जातीचे नाही. माणसाचा हात न लागता वाढले, म्हणून बुजरे आहे.

ते माणसाळते का? माणसाळते. पण त्याची वेळ असते, आणि ती पेरणीच्या वापशासारखी निघून जाते.

पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात. तेव्हा हात लावायला जाऊ नका. बुजरी मांजरी लगेच पिल्ले तोंडात धरून जागा बदलते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, त्यातली निम्मी घरे आपल्या धसमुसळेपणामुळे फिरवते. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले लडखडत बाहेर येऊ लागतात. तिथपासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ महत्त्वाचा. अमेरिकेत आयलीन कार्श या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात हेच तपासले. तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्ले मोठेपणी माणसाकडे आपणहून येत. सातव्या आठवड्यापासून हाताळलेली तेवढी येत नसत. रोज जास्त वेळ हाताळलेली पिल्ले आणखी धीट निघत. आपल्या घरात हे काम आठ-दहा वर्षांची पोरगी सहज करील. तिला एवढेच सांगा की मागून झडप घालायची नाही, कोपऱ्यात कोंडायचे नाही, शेपूट ओढायची नाही.

पण पिल्लांपर्यंत जायचे तर आधी आईचा विश्वास हवा. त्यासाठी जागा एक, वेळ एक आणि माणूस एक ठरवा. संध्याकाळी दूध काढून झाले की कोठ्याच्या त्याच कोपऱ्यात खाणे ठेवायचे आणि दहा पावले दूर बसायचे. तिच्याकडे टक लावून पाहायचे नाही. मांजराला रोखलेली नजर म्हणजे धमकी. चार-पाच दिवसांनी एक पाऊल जवळ. ती थबकली की आपणही तिथेच थांबायचे. बाजारातली मूठभर सुकट किंवा अंडे असेल तर उत्तम. माळकऱ्याच्या घरी भाकरीवर थोडे दूध चालेल. बाकीचे ती स्वतः शोधते. मात्र नुसत्या दुधावर पिल्ले वाढवू नका, गाईम्हशीच्या दुधाने त्यांना हगवण लागते. पाण्याचे भांडे जवळ ठेवा. कापसाच्या ढिगात ती व्यायला नको असेल तर आधीच आडोशाला एका जुन्या टोपल्यात गोणपाट घालून ठेवा.

हे दोन आठवड्यांत जमेल, कुठे दोन महिने लागतील. जन्मभर माणसापासून पळालेली मोठी मांजरी कदाचित कधीच मांडीवर बसणार नाही. नको बसू दे. ती कोठ्यात टिकली, पिल्ले तिथेच वाढली आणि ती माणसाळली की आपले काम झाले. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. अर्धमेला उंदीर आणून धरायचा कसा, हे तीच शिकवते.

"खायला घातले तर ती उंदीर कशाला धरील?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांनी इंग्लंडमधल्या शेतांवर हेच पाहून १९५३ साली लिहिले. उंदीर माजलेले असताना मांजरे त्यांचा नायनाट करू शकली नाहीत. पण आधी उंदीर कमी केल्यावर, थोडे खाणे देऊन टिकवलेल्या मांजरांनी नवे उंदीर वाड्यात शिरू दिले नाहीत. खाणे न मिळालेली मांजरे भटकत निघून जातात, हा खरा तोटा. शिकार ती पोटासाठी करते तशी स्वभावानेही करते.

म्हणून खोटी आशा दाखवत नाही. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. बिळे बुजवा, पत्र्याची कोठी वापरा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, आधी पिंजरे लावून उंदीर कमी करा. मग राखणीला मांजर. आणि जिथे मांजर आहे तिथे विष नको. झिंक फॉस्फाईड असो की ब्रोमॅडिओलोन, राखणदारच आधी मरतो आणि उंदीर पुन्हा भरतात. शिवाय आपल्या भागातल्या किती घरांनी विषाच्या पुडीने काय पाहिले, ते मी सांगायला नको. घरात विष कमी असणे, एवढाच फायदा मला पुरेसा वाटतो.

तीन गोष्टींची काळजी घ्या.

पहिली, चावा. मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावून घरी बसू नका.

दुसरी, संख्या. मांजरी सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीन वेळा व्याते. एका कोठ्याला दोन मांजरे पुरेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस आणि नसबंदी यांची चौकशी करा. पोत्यात भरून सोडण्यापेक्षा तो मार्ग माणुसकीचा आहे.

तिसरी, ओळख. ज्वारी-कपाशीत कापणी-वेचणीच्या वेळी सापडणारे प्रत्येक पिल्लू गावमांजराचे नसते. लांब पाय, आखूड शेपूट आणि शेपटीच्या टोकाला काळी कडी असलेले रानमांजर आपल्या शिवारात राहते. त्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते रानातले उंदीर फुकट मारते. त्याची पिल्ले घरी आणू नका. जुन्नरकडे ऊसतोडीत अशी पिल्ले सापडली की वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ती तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि आई रात्री येऊन उचलून नेते. आपण तेवढा तुकडा त्या दिवशी कापायचा सोडला आणि वनरक्षकाला कळवले, तरी पुष्कळ झाले.

त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मला आज येते. आजी, मी येणार नाही. कोणताच साहेब दरवर्षी उंदीर धरायला येणार नाही. धरणारी तुमच्या कोठ्यात होती, आणि ती मी मारली.

या बैठकीहून घरी गेलात की कोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे एकदा पाहा. दोन डोळे चमकले तर दगड उचलू नका. भाकरीचा तुकडा ठेवा आणि दहा पावले मागे सरा. पुढच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा झाली की मी प्रत्येक गावाला विचारणार आहे: तुमच्या मांजरीचे काय झाले?