मशीन नेमकं काय मोजतंय?

जिमला जाणाऱ्या मित्राला विचारा, तुझ्या पावडरीत प्रोटीन किती? डब्यावरचा आकडा तो झटकन सांगेल. मग विचारा, हे मोजलं कसं? इथे गाडी अडते. आपण सायन्सवाले तरी कुठे सांगू शकतो?

आजही वापरात असलेली जेल्डाल पद्धत १८८३ सालची. गंमत म्हणजे ती प्रोटीन मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. हा नायट्रोजन प्रोटीनमधूनच आला, हे आपण धरून चालायचं. २००८ मध्ये चीनमध्ये भेसळ करणाऱ्यांनी नेमकं इथेच बोट घातलं. पाणी घातलेल्या दुधात त्यांनी मेलामाइन मिसळलं. त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन! दूध चाचणीत पास झालं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

आता आयसीपी-एमएस बघा. या मशीनमध्ये आर्गॉनच्या धगधगत्या प्लाझ्मात प्रोटीनचे पार अणू होतात आणि वजनानुसार त्यांची मोजणी होते. माणसाच्या इन्सुलिनच्या एका रेणूत सल्फरचे ६ अणू असतात. म्हणजे सल्फर मोजा, सहाने भागा, इन्सुलिन किती ते कळलं. त्यासाठी शुद्ध इन्सुलिनचा नमुनाही लागत नाही, सल्फरचं प्रमाण माहीत असलेलं साधं द्रावण पुरतं.

भारी आहे ना? पण प्रोटीन ओळखता या मशीनलाही येत नाही. बफरमधला सल्फेटही ते मोजणारच, म्हणून प्रोटीन आधी वेगळं करावं लागतं. त्यात ऑक्सिजनच्या दोन अणूंच्या जोडीचं वजन ३२ आणि सल्फरचंही ३२! म्हणून मशीनमध्ये मुद्दाम ऑक्सिजन सोडतात, सल्फरला तो चिकटला की ४८ वर मोजतात.

अशी शंका घेणं हेच खरं विज्ञान, असं मला वाटतं. आपल्या प्रॅक्टिकलला मात्र रीडिंग घ्या, सूत्रात टाका, जर्नलवर सही घ्या, विषय संपला. व्हायवात सूत्र विचारण्याआधी एकच प्रश्न विचारला जावा: मशीनने मोजलं काय आणि तू धरून चाललास काय? सर-मॅडम विचारत नसतील, तर आपणच एकमेकांना विचारू या. उद्या अन्न आणि औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये आपल्यातलेच काही जण असणार आहेत. पास-नापासाचा शिक्का तेव्हा आपल्या हातात असेल.